तारेचा आळ

कडूबाईच्या आधी तिच्या आईच्या चार मुली गेल्या होत्या. पाचवी जगावी म्हणून तिचं नाव कडू ठेवलं. कडू म्हटल्यावर सटवी तोंड वाकडं करून निघून जाईल, एवढाच त्यामागचा हिशेब. ती जगली. चारठाण्याजवळच्या एका वाडीत लग्न होऊन गेली, तिथून नवऱ्याबरोबर मानवतला आली आणि नवरा गेल्यावरही मानवतलाच राहिली. कापूस यायचा त्या महिन्यांत जिनात सरकी उपसायची, एरवी मिळेल त्याच्या खळ्यावर जायची. मूलबाळ नव्हतं. जिनामागच्या बोळात तिचं दोन खणांचं मातीचं घर होतं. घरापुढे ऐसपैस ओटा होता आणि संध्याकाळी तिथं सगळ्या बोळाची बैठक भरायची.

बैठक तिथं भरायला कारणही होतं. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्याच सुमाराला मानवतला वीज आली आणि बोळातला एकुलता खांब कडूबाईच्या दारासमोर उभा राहिला. घरात वीज घेतली ती फक्त दिनकररावांनी. बाकीच्यांना खांबावरचा बल्ब हाच आपला दिवा. दिवेलागणीला तो पिवळा उजेड ओट्यावर पडला की दगडाबाई निवडायचं सूप घेऊन यायची, आश्रुबा तंबाखूची चंची सोडून बसायचा आणि हातपाय धुऊन, पांढरंशुभ्र धोतर सावरत दिनकरराव यायचे. दिनकररावांनी निजामाच्या काळात तहसिलीत कारकुनी केलेली. उर्दूत लिहायचे, मराठीत बोलायचे आणि दोन्हींत कुणाचं ऐकून घ्यायचे नाहीत. ओट्यावरची एकुलती घोंगडी त्यांच्यासाठी असायची.

पुढच्या वैशाखात वादळ झालं.

त्या दिवशी दुपार कलली तसं आभाळ गढूळ पिवळं झालं. आधी वावटळ आली. तिनं जिनाच्या छपराचे पत्रे असे उचलले की जणू कुणी पत्रावळी उडवायला लागलंय. मग लिंबाएवढ्या गारा पडल्या, मग पाऊस. बोळातली जुनी बाभळ मुळासकट आडवी झाली. कडकड करत कुठं काय मोडतंय ते दारं लावून बसलेल्या माणसांना कळत नव्हतं. दिवस मावळायच्या सुमाराला सगळं शांत झालं. लोक बाहेर आले तेव्हा बोळातला खांब कलला होता आणि मारुतीच्या पाराकडून येणारी तार तुटून गेली होती. गावात कुठंच दिवा लागला नाही.

वादळानं माणसांना बोलायला विषय मात्र भरपूर दिले. दुसऱ्या दिवशी कंदील मध्ये ठेवून बैठक भरली. जो तो आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगत होता. आश्रुबाच्या शेतात जिनाचा पत्रा जाऊन पडला होता आणि बैल त्याच्या जवळ जायला तयार नव्हते. दगडाबाईच्या भावानं चुडाव्याकडून निरोप धाडला होता, की रुळाकडेचे तारेचे खांब आडवे झाले आणि गाडी कितीतरी वेळ उभी होती. एसटीच्या ड्रायव्हरनं स्टँडवर सांगितलं म्हणे, परभणीत अंधार, सेलूत अंधार, पाथरीकडं तर झाडांनी रस्ताच बंद. एवढ्या मोठ्या मुलखात अंधार पडलाय हे ऐकून लोकांना जरा बरंच वाटलं. आपल्यावर एकट्यावर आलेलं नाही ना, मग चालेल.

दिनकरराव म्हणाले, आधी हैदराबाद होतं, आता मुंबई आली, पण सरकार बदललं म्हणून वारा काही हुकूम मानत नाही. लोक हसले.

हळूहळू गावात खांब उभे राहिले. मोंढ्याच्या बाजारात दिवे लागले, स्टँडवर लागले. बोळ तसाच राहिला. शेवटी वायरमन आला, कललेला खांब सरळ केला, पारापासून बोळापर्यंत दोनदा चालला आणि म्हणाला, की तुटलेली तार जागेवर नाही. परभणीहून दुसरी तार येईपर्यंत इथं काही होणार नाही, आणि परभणीच अंधारात आहे, तेव्हा वाट बघा.

त्या संध्याकाळी बैठकीचा सूर बदलला. तार पडली ती गेली कुठं? तांब्याची तार. कुणी म्हणालं, मोडीत चांगली जाते. मग दिनकररावांनी जिनामागच्या माळाकडं मान वळवली.

त्या माळावर घिसाड्यांचं एक बिऱ्हाड उतरलं होतं. पेरणीआधी कुणब्यांची अवजारं शेवटून, म्हणजे तापवून, ठोकून धार काढून द्यायला ते दरसाल यायचे. वाल्मीक घिसाडी, त्याची बायको नर्मदाबाई, एक म्हातारी, दोन बैल आणि भाता. वाल्मीक लोखंड धरायचा आणि नर्मदाबाई घण घालायची. त्यांचे विळे अख्ख्या बोळात होते. आश्रुबाच्या नांगराचा फाळ त्या वेळीही त्यांच्याकडंच पडलेला होता.

"लोखंडाची माणसं," दिनकरराव म्हणाले. "त्यांना पडलेली तार दिसली न् त्यांनी सोडली, असं कुणी म्हणंल का?"

कुणी म्हणालं नाही. दगडाबाईनं सूप झटकलं आणि सांगितलं, की वादळानंतर नर्मदाबाईला तिनं पारापाशी बघितलं होतं. कशाला गेली असेल? आश्रुबालाही आठवलं, की वाल्मीक हल्ली नजर चुकवतो. बघता बघता प्रत्येकाला काहीतरी आठवायला लागलं. कंदिलाची काजळी वाढत होती आणि इकडं गोष्ट पक्की होत होती.

कडूबाई उंबऱ्यात बसून हे ऐकत होती. तिला हे सगळं आधी ऐकल्यासारखं वाटत होतं, कारण तिनं ते ऐकलेलं होतं. वाडीत असताना, पोलीस ॲक्शन होऊन गेल्यावर, एका दुकानाची लूट झाली. लूट कुणी केली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. चावडीपुढं अशीच माणसं बसली, अशीच एकेकाला आठवण होत गेली आणि उठताना तिच्या नवऱ्याचं, पंडितचं, नाव घेऊन उठली. पंडितला ठाण्यात नेलं. साक्ष द्यायला कुणीच आलं नाही म्हणून सोडून दिलं. पण ज्यांनी नाव घेतलं होतं त्यांच्यातल्या एकानंही ते परत घेतलं नाही. रामराम घालायचे, विडी मागायचे, पण तेवढं बोलायचे नाहीत. पंडितनं वाडी सोडली. मानवतला जिनात हमाली करायला लागला तरी चार माणसांत बसायचा नाही. बसलाच तर भिंतीकडं तोंड करून. दोन पावसाळ्यांनी गेला. कशानं गेला ते वैद्याला सांगता आलं नाही. कडूबाईला सांगता आलं असतं, पण तिला कुणी विचारलं नाही.

ती उंबऱ्यातून म्हणाली, "कुणी बघितलं का त्याला तार उचलताना?"

दिनकररावांनी हसून सांगितलं, की चोर काही दाखवून चोरी करत नाही.

"मंग तुमाला कसं कळलं?"

"कडूबाई, ह्या गोष्टी समजायच्या असतात."

"मला समजत न्हाई," ती म्हणाली. "माज्या वट्यावर बसून ज्येचं नाव घेता त्येला म्होरं बोलवा, त्येच्या तोंडावर बोला. न्हाईतर दुसरीकडं बसा."

आजवर त्या ओट्यावर दिनकररावांना असं कुणी बोललं नव्हतं. ते घोंगडीवरून उठले, धोतर झटकलं आणि शांतपणे म्हणाले, की सकाळी माळ मोकळा करायला सांगू, नाही ऐकलं तर ठाण्यातल्या जमादाराला बोलावू. बाकीचेही उठले. दगडाबाई सूप बगलेत धरून शेवटी उठली आणि कडूबाईकडं न बघता गेली.

सकाळी माणसं माळावर गेली तेव्हा तिथं कुणी नव्हतं. वाल्मीकचं बिऱ्हाड कडूबाईच्या परसात होतं. ती पहाटेच जाऊन त्यांना घेऊन आली होती. वादळानं त्यांचं पाल फाटलं होतंच, म्हातारी ओल्यात झोपून खोकत होती. वाल्मीक आधी तयार नव्हता. आपण निघून जातो, आम्हाला गाव काही नवं नाही, म्हणाला. कडूबाईनं त्याला सांगितलं, की आज गेलास तर तार तूच नेली असं ठरेल, आणि मग पुढच्या साली ह्या मुलखात कुणाच्या दारी उभं राहता येणार नाही. जायचंच तर खुशाल जा, पण आळ उतरवून जा.

"माय, आमच्यापायी तुला तरास," वाल्मीक म्हणाला.

"तुज्यापायी न्हाई," कडूबाई म्हणाली. "माज्यापायी करायलेय."

परसात भाता मांडला गेला. घणाचा आवाज बोळभर ऐकू यायला लागला. लोकांना तो सहन होईना, पण करणार काय? बाई आपल्या घरात कुणाला ठेवते त्याला कायदा नव्हता. मग बोळानं आपला कायदा काढला. ओट्यावर कुणी येईना. दगडाबाई चुलीला विस्तव न्यायला रोज यायची, ती आता वळसा घालून पलीकडच्या घरी जाऊ लागली. आडावर कडूबाई गेली की बायका आपापल्या घागरी ओढून घ्यायच्या, बोलणं चाललेलं असलं तर थांबायचं. आश्रुबानं आपला अर्धा शेवटलेला फाळ माणूस पाठवून परत नेला.

कडूबाई रोज संध्याकाळी ओटा सारवून, कंदील लावून एकटीच बसायची. नर्मदाबाईनं एकदा विचारलं, आता कुणी येत नाही तर आत का बसत नाही? कडूबाईनं सांगितलं, की वटा आपला हाय, वारं बरं लागतं. खरं म्हणजे बोळाला ती दिसावी म्हणूनच बसायची. भिंतीकडं तोंड करून तर ती मुळीच बसणार नव्हती.

मनातून ती घाबरलेली नव्हती असं नाही. दगडाबाईचं घर समोर होतं. दोघींनी एका खळ्यावर काम केलेलं, एकीच्या आजारपणात दुसरीनं रांधलेलं. समोरच्या चुलीचा धूर दिसायचा आणि कडूबाई आपल्या चुलीतला विस्तव उगाचच राखेखाली राखून ठेवायची. तरी सकाळी उठून ती आडावर जायची ती मान वर करून. बायकांनी घागरी ओढल्या तर मोकळ्या झालेल्या जागेवर आपली घागर ठेवायची.

जमादार आला तो एका संध्याकाळी, दिवस पुरता बुडायच्या आत. सोबत एक शिपाई. बोळातली झाडून सगळी माणसं आपापल्या दारात उभी राहिली. दिनकरराव पुढं होऊन जमादाराला सगळं समजावून सांगत होते. परसात वाल्मीकनं भाता थांबवला. नर्मदाबाई म्हातारीजवळ जाऊन बसली.

जमादार कडूबाईच्या दारात आला आणि म्हणाला, "बाई, ह्या लोकांना तुमी ठिवलं का?"

"म्या ठिवलं."

"सरकारी तार गेलीय. झडती घ्यावी लागंल."

"घ्या की," कडूबाई म्हणाली. तिचा आवाज अख्ख्या बोळाला जाईल एवढा मोठा होता. "पर ह्या टोकापासून काऊन? तार तिकडं पारापाशी तुटली. तिथून सुरू करा. एकेक घर, एकेक परस बघत या. गरिबाचं बघा, कारकुनाचं बघा. समद्या बोळाची झडती झाली की माजं दार उघडंच हाय. आन् एकट्या माज्याच घराची घ्यायची असली, तर ती का म्हणून, त्ये हितं समद्यांच्या म्होरं सांगा."

जमादार वयस्कर होता, हैदराबादेच्या पोलिसात निम्मी हयात घालवलेला. त्यानं बोळाच्या दोन्ही टोकांना नजर टाकली. दारात उभ्या असलेल्या माणसांपैकी बरीच आत गेली होती. तो मिशीतल्या मिशीत हसला आणि दिनकररावांना म्हणाला, बाई बोलते त्यात गैर काही नाही. उद्या पंच घेऊन येतो आणि पाराकडूनच सुरू करतो.

दिनकरराव म्हणाले, इज्जतदार घरांची झडती कशी घेणार?

"इज्जतदार घरात तार नसतीच ना राव," जमादार म्हणाला आणि शिपायाला घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, मारुतीच्या पारावर तारेचं वेटोळं कुणीतरी आणून ठेवलं. पुजाऱ्याला ते दिसलं. बातमी पसरायला वेळ लागला नाही. सगळा बोळ पाराभोवती जमला. वायरमनलाही बोलावणं गेलं. त्यानं वेटोळं उलगडलं. तार पुरी होती. दोन्ही टोकांना खुंटीला घट्ट गुंडाळल्याचे पीळ पडले होते आणि मधल्या भागात जागोजाग फिकट निळे डाग होते. धुतलेल्या कपड्यांना नीळ घालतात, तसले.

सगळ्यांनी डाग बघितले. बोळात नीळ घालून धोतर नेसणारं घर एकच होतं. बोललं मात्र कुणी नाही. पार्वतीबाई, दिनकररावांची बायको, गर्दीत नव्हती. दिनकरराव होते. वादळात तुटलेली तार जाऊन पडली ती त्यांच्याच परसात, आणि घरात कुणीतरी पडीक म्हणून ती वाळवणाला बांधली, एवढंच झालेलं असणार. त्यात गुन्हा कसला? पण ज्या तोंडानं माळाकडं बोट दाखवलं होतं, त्या तोंडातून आता हे निघत नव्हतं.

जमादार आला, तार मिळाली म्हटल्यावर सुटल्यासारखा परत गेला. लोक पांगायला लागले. कुणीतरी मागून म्हणालं, की घिसाड्यानंच भिऊन आणून टाकली असंल.

कडूबाई त्या आवाजाकडं वळली. म्हणाली, "घिसाडी नीळ घालत न्हाईत."

बस्स, एवढंच. मग ती घरी आली.

त्या दिवशी दिवेलागणीच्या आधी दिनकरराव एकटे तिच्या ओट्याशी आले. बसले नाहीत. बराच वेळ वादळाचं बोलले, परभणीत अजून निम्म्या गावात दिवे नाहीत म्हणाले. कडूबाई कंदिलाची काच पुसत राहिली. शेवटी खाली बघून ते म्हणाले, "आमच्या परसात पडली होती. मंडळींनी कपडे वाळवायला बांधली. खरंच मला ठाऊक नव्हतं, कडूबाई."

"ठाऊक कवा झालं?"

त्यांनी धोतराचा सोगा सावरला. मग म्हणाले, "जमादार येऊन गेला त्या रात्री."

"आन् आज पारावर उभं ऱ्हायलात, तवा तर ठाऊक होतं."

"लोक काय म्हणतील..." दिनकररावांनी वाक्य पुरं केलं नाही.

कडूबाईनं काच बाजूला ठेवली. "माज्या मालकाला असंच ठाण्यात न्हेलं होतं. ज्येंनी नाव घेतलं, त्येंच्यातला एकजण जरी येऊन म्हणला असता की पंडित, आमचं चुकलं, तर तो आज ह्या वट्यावर बसला असता. मला सांगून काय उपेग राव? म्या तार चोरली न्हवती. ज्येला चोर म्हणलात त्येला सांगा. आन् जेवढ्या मोठ्यानं चोर म्हणलात, तेवढ्याच मोठ्यानं सांगा."

"मी तहसिलीतला माणूस. एका घिसाड्यापुढं..."

"मंग जाऊ द्या," कडूबाई म्हणाली. "उद्या त्यो निघणार हाय. न्हाई सांगितलं तर त्यो गेल्यावर म्या सांगीन. पारावर उभी ऱ्हाऊन सांगीन, आडावर सांगीन. मला तहसिलीची लाज न्हाई."

दिनकरराव गेले. सांगतील असं तिला काही वाटलं नाही.

सकाळी वाल्मीकनं गाडी जुंपायला घेतली. पाऊस तोंडावर आला होता आणि जिंतूरकडची गावं अजून करायची होती. बोळातल्या काही बायका विळे घेऊन गुपचूप येऊन गेल्या, जाताना धार लावून घ्यावी म्हणून. नर्मदाबाईनं सगळ्यांना धार लावून दिली, बोलली कुणाशीच नाही. आश्रुबा फाळ खांद्यावर घेऊन आला. वाल्मीकनं फाळाकडं बघितलं आणि भाता बांधला गेलाय म्हणून सांगितलं. भाता अजून बांधलेला नव्हता. आश्रुबा तसाच फाळ घेऊन परत गेला.

गाडी बोळातून निघाली आणि दिनकररावांच्या दारापुढं आली तेव्हा ते बाहेर आले. डोक्याला रुमाल, अंगात कोट, जणू कचेरीत निघालेत. ते गाडीच्या पुढं उभे राहिले. बैल थांबले. दारादारांतून माणसं डोकावली.

"वाल्मीक," ते म्हणाले. "तारेत तुमचा काही कसूर नव्हता. तार आमच्या घरात होती. मी तुमचं नाव घेतलं ते चूक केलं. हे मी सगळ्यांसमोर सांगतोय."

वाल्मीकनं त्यांच्याकडं नीट बघून घेतलं. माफी दिली असं तो म्हणाला नाही आणि हातही जोडले नाहीत. "ऐकलं," एवढंच म्हणाला आणि बैलांना हाकललं. दिनकररावांना बाजूला व्हावं लागलं. गाडी बोळाच्या तोंडाशी गेली तेव्हा म्हातारीनं मागं वळून कडूबाईकडं हात उचलला.

मग दगडाबाई समोरून आली. तिच्या हातात विस्तवासाठी आणलेलं खापर होतं. कडूबाईच्या दारात उभी राहून म्हणाली, "चूल हाय का पेटलेली?"

कडूबाईला तिला पुष्कळ बोलायचं होतं. तिनं चुलीतून निखारे काढले, खापरात घातले आणि म्हणाली, "पारापाशी नर्मदा कशाला गेली होती, माहीत हाय का? म्हातारीसाठी अंगारा आणायला. इचारलं असतं तर म्या सांगितलं असतं."

दगडाबाईनं मान खाली घातली. विस्तव घेऊन ती गेली नाही, खापर खाली ठेवून उंबऱ्यातच बसली. कडूबाईनंही तिला ऊठ म्हटलं नाही.

वायरमननं त्याच दिवशी तार ओढली. संध्याकाळी खांबावरचा बल्ब लागला आणि बोळातून आनंदाचा गलका उठला. माणसं ओट्यावर जमली. वादळाच्या गोष्टी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या, गारा आता लिंबाच्या जागी कवठाएवढ्या झाल्या होत्या. कुणीतरी दिनकररावांची घोंगडी मागितली. कुणीतरी आत हाक मारली, की कडूबाई, या की बाहेर, उजेड आला.

घोंगडी मिळाली नाही. कडूबाईनं आतूनच सांगितलं, की आज म्या दमलेय, बसा तुमी. मग तिनं भाकरी कुस्करून खाल्ली, पाणी प्याली आणि बाहेर बोलणी चालू असतानाच अंथरुणावर आडवी झाली.